विसार देण्याआधी प्लेट वाचा

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो. कारची परीक्षा मी इथेच २००९ मध्ये उत्तीर्ण झालो आणि माझ्याकडे साधा कारचा परवाना आहे. पुढच्या उन्हाळ्यात माझे वडील (वय ६७) नाशिकहून तीन महिन्यांसाठी येणार आहेत. त्या वेळी स्कॉटलंडची मोठी सहल करावी म्हणून सात मीटर लांबीचे एक जुने डिझेल मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) पाहून ठेवले आहे. त्याच्या प्लेटवर (नंबरप्लेट नव्हे, निर्मात्याने लावलेली वजनमर्यादांची पट्टी) चार आकडे आहेत : ३८५०, ५८५०, २१०० आणि २४००. पुस्तिकेत चालू स्थितीतले वजन ३१५० किलो दिले आहे. विकणारा म्हणतो, ‘रिकामी गाडी साडेतीन टनांच्या आतच भरते, तेव्हा तुमचा परवाना चालतो.’ मित्र म्हणतो, प्लेट बदलून ३५०० ची करून घे, म्हणजे प्रश्नच मिटला. शेजारचे ७१ वर्षांचे गृहस्थ तर याहून मोठे मोटरहोम साध्या परवान्यावर बिनघोर चालवतात. वडिलांकडे भारतातला परवाना आहे आणि तेही आलटून-पालटून चालवू म्हणतात. मी, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी आणि वडील असे आम्ही चौघे जाणार आहोत. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर :

स. न.

विकणारा चुकीचे सांगतो आहे, मित्र अर्धे खरे सांगतो आहे आणि शेजारी बहुधा पूर्णपणे कायद्यात वागत आहेत; मात्र त्यांना जे चालते ते आपल्याला चालणार नाही. हे मोटरहोम आज आहे त्या अवस्थेत आपण चालवू शकत नाही, अगदी रिकामे असले तरीही नाही, आणि आपले वडीलही चालवू शकत नाहीत. असे का, आणि यातून मार्ग कोणते, ते सविस्तर सांगतो. विषय किचकट वाटतो तो मुख्यतः एका कारणाने. ‘वजन’ हा एकच शब्द इथे निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि विकणाऱ्याला त्यांतले जे सोयीचे असेल तेवढेच तो आपल्यापुढे ठेवतो.

परवान्याचा प्रश्न येतो तेव्हा ब्रिटनचा कायदा गाडी त्या दिवशी प्रत्यक्षात किती किलो भरते हे पाहतच नाही. तो पाहतो ते गाडीचे कमाल अधिकृत वजन, म्हणजे माणसे, सामान, इंधन, पाणी असे सर्व धरून ती गाडी रस्त्यावर जास्तीत जास्त किती वजनाची असू शकते याची निर्मात्याने ठरवून दिलेली मर्यादा. हा आकडा गाडीच्या प्लेटवर कोरलेला किंवा छापलेला असतो. १ जानेवारी १९९७ रोजी किंवा त्यानंतर कारची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना ‘बी’ वर्गाचा परवाना मिळतो. त्यावर ३५०० किलोपर्यंत कमाल अधिकृत वजन असलेली आणि चालकाखेरीज आठपर्यंत आसने असलेली वाहने चालवता येतात. प्लेटवर ३८५० असेल तर ती गाडी ३८५० ची; तिच्यातले सगळे सामान काढून, टाक्या रिकाम्या करून आपण एकटेच बसलात आणि काट्यावर ती ३१०० भरली, तरी परवान्याच्या दृष्टीने ती ३८५० चीच राहते. विकणाऱ्याचा युक्तिवाद इथेच संपतो.

परवान्यात नसलेल्या वर्गाचे वाहन चालवल्यास १००० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन ते सहा दंडगुण अशी तरतूद आहे. पण खरी धास्ती बाळगावी ती विम्याची. बहुतेक पॉलिसींमध्ये, चालकाकडे त्या वाहनासाठी योग्य परवाना असला पाहिजे, अशी अट असते. ती मोडली की आपण विम्याशिवाय गाडी चालवत होता असे धरले जाऊ शकते. तो वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा आहे, आणि त्यात पोलीस गाडी जागेवरच ताब्यात घेऊ शकतात. स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ भागातल्या एखाद्या अरुंद रस्त्यावर कुटुंबासह ही वेळ यावी असे कोणालाच वाटणार नाही.

आता शेजाऱ्यांकडे वळू. १९९७ पूर्वी कारची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना त्याच परीक्षेच्या बळावर ‘सी१’ हा वर्गही मिळत असे, आणि ‘सी१’ची मर्यादा ७५०० किलो आहे. नियम बदलला तेव्हा ज्यांच्याकडे तो हक्क होता त्यांचा तो कायम राहिला. म्हणून आपण ज्याला त्यांचा ‘साधा परवाना’ म्हणता तो आपल्या परवान्याइतका साधा नाही. कार्ड उलटून पाहिले की फरक दिसतो. मागच्या बाजूला वाहनांची बारीक चित्रे एकाखाली एक छापलेली असतात आणि प्रत्येकासमोर तो हक्क कधीपासून कधीपर्यंत आहे याच्या तारखा असतात. आपल्या कार्डावर छोट्या ट्रकच्या चित्रासमोर पूर्ण हक्काची तारीख नसेल, त्यांच्या कार्डावर ती असेल.

असेल असेच मी म्हणतो, कारण त्यांचे वय ७१ आहे. सत्तराव्या वर्षी परवाना संपतो आणि पुढे दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. कारचा हक्क स्वतःच्या आरोग्याबाबतच्या घोषणेवर पुढे चालू राहतो, पण ‘सी१’ टिकवायचा असेल तर डॉक्टरांनी भरलेला ‘डी४’ हा वैद्यकीय अर्ज ‘डी२’ अर्जासोबत डीव्हीएलएकडे (परवाने आणि वाहननोंदणी पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे) टपालाने पाठवावा लागतो आणि ट्रकचालकांना लागू असलेले कडक वैद्यकीय निकष पूर्ण करावे लागतात. अनेक ज्येष्ठ मंडळी सोय म्हणून घरबसल्या ऑनलाइन नूतनीकरण करतात, नवे कार्ड येते, आणि त्यातून ‘सी१’ गळला आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. शेजाऱ्यांशी आपले सलोख्याचे संबंध असतील तर कार्डाची मागची बाजू एकदा पाहा, एवढे त्यांना जरूर सुचवा. त्यात आगाऊपणा नाही.

मित्राने सुचवलेल्या मार्गाचा विचार मात्र सावकाश केला पाहिजे, कारण तो कायदेशीर आहे आणि म्हणूनच फसवा आहे. प्लेटवरचे कमाल वजन खाली आणता येते. निर्मात्याकडून, गाडीचे रूपांतर करणाऱ्या कंपनीकडून किंवा हेच काम करणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाकडून नवी प्लेट घ्यायची, आणि गाडीच्या व्ही५सी नोंदपत्रातले वजन डीव्हीएलएकडून बदलून घ्यायचे, एवढीच ही प्रक्रिया आहे. गाडीत एक स्क्रूदेखील बदलत नाही. त्यानंतर ती गाडी ३५०० ची होते आणि आपला ‘बी’ परवाना तिला चालतो. पण ज्या क्षणी मर्यादा ३५०० होते, त्या क्षणापासून भरलेली गाडी काट्यावर ३५०० च्या आत असणे हे आपल्यावर बंधनकारक होते. परवाना प्लेटवरच्या आकड्याला लागतो आणि जादा वजनाचा दंड काट्यावरच्या आकड्याला लागतो. एका नियमातून सुटण्यासाठी प्लेट खाली आणली की दुसऱ्यात अडकण्याची शक्यता तेवढीच वाढते.

आपल्याच गाडीचा हिशेब मांडून पाहू. चालू स्थितीतले वजन ३१५० किलो आहे. या आकड्यात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली इंधनाची टाकी धरलेली असते. पिण्या-वापरण्याचे पाणी मात्र अनेक निर्माते प्रवासापुरते, म्हणजे २० लिटरच्या आसपासच धरतात. सध्या ३८५० मधून ३१५० वजा जाता ७०० किलोची वाव आहे. प्लेट ३५०० ची केली की ती बरोबर निम्मी, ३५० किलो उरते. त्यात पत्नी, मुलगी आणि वडील यांचे मिळून १८० किलो धरू. उरले १७०. जुन्या मोटरहोमवर आधीच्या मालकांनी बसवलेल्या वस्तू पुस्तिकेतल्या वजनात नसतात. बाहेर ओढायचे कापडी छत साधारण ३० किलोचे, आणि छतावरचा सौर पॅनेल व जादाची बॅटरी मिळून ३५ किलो धरले तर उरतात १०५. पाण्याची टाकी १०० लिटरची असेल आणि आपण निघतानाच ती पूर्ण भरली, तर आणखी ८० किलो जातात आणि हातात २५ किलो राहतात. आता दोन सायकली मागे टांगल्या की तीस किलो झाले, म्हणजे आपण पाच किलोने मर्यादेबाहेर गेलात. आणि अजून गाडीत एकही चादर, एकही ताट, तांदळाची पिशवी, कुकर, घडीच्या खुर्च्या, रेनकोट, बूट किंवा वडिलांची औषधांची पेटी चढलेली नाही. चौघांच्या दोन आठवड्यांच्या सामानाला शंभर किलो हा आकडा मुळीच सैल नाही. थोडक्यात, ही सहल सुरू होण्याआधीच गाडी शंभरहून अधिक किलोंनी जड झालेली असेल.

यात आणखी एक खाच आहे, आणि ती फार थोडे खरेदीदार विचारात घेतात. चालू स्थितीतल्या वजनात निर्मात्याला पाच टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होण्याची मुभा असते. ३१५० चे पाच टक्के म्हणजे जवळजवळ १५७ किलो. पुस्तिकेत ३१५० लिहिलेली गाडी कारखान्यातून ३३०० ची बाहेर पडली असेल तरी निर्मात्याने काही खोटे केले असे होत नाही. ज्या गाडीला सातशे किलोची वाव आहे तिला हा फरक पचतो. ज्या गाडीला साडेतीनशेची आहे तिची त्यात निम्मी वाव संपते. नव्या मोटरहोमसाठी निर्मात्याने किमान किती वाव ठेवलीच पाहिजे याचेही सूत्र आहे : चालक धरून माणसांची संख्या आणि गाडीची मीटरमधली लांबी यांची बेरीज करून तिला दहाने गुणायचे. सात मीटरच्या चार माणसांच्या गाडीला हे येते ११० किलो, तेही माणसांची वजने वेगळी धरून. सायकली, छत आणि भरलेली टाकी घेऊन निघणाऱ्या कुटुंबाच्या मनात हे सूत्र करणारे नव्हते, असेच मला नेहमी वाटत आले आहे.

एकूण वजन मर्यादेत असले तरी काम संपत नाही, कारण प्लेटवर चार आकडे आहेत. पहिला, ३८५०, हे गाडीचे कमाल वजन. दुसरा, ५८५०, हा गाडी आणि मागे जोडलेला ट्रेलर मिळून. आपण काही ओढणार नसाल तर तो सोडून द्या. तिसरा आणि चौथा, २१०० आणि २४००, हे अनुक्रमे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, येऊ शकणारे कमाल वजन. या दोहोंची बेरीज ४५०० होते, म्हणजे पहिल्या आकड्यापेक्षा जास्त. म्हणून काहींचा समज होतो की गाडीला ४५०० पर्यंत भार चालतो. तसे नाही. ही जादाची जागा एवढ्यासाठीच असते, की भार दोन्ही ॲक्सलवर अगदी सारखा कधीच वाटला जात नाही. प्रत्येक ॲक्सलची मर्यादा स्वतंत्र पाळावी लागते आणि एकूण मर्यादाही पाळावी लागते.

मागचे ॲक्सल मोटरहोममध्ये विशेष सतावते. सात मीटरच्या गाडीत मागच्या चाकांमागे बराच भाग लोंबता असतो, आणि लोक नेमके तिथेच सायकली, गॅस, खुर्च्या असे जड सामान ठेवतात. समजा दोन्ही ॲक्सलमधले अंतर चार मीटर आहे आणि मागच्या ॲक्सलच्या मागे २.२ मीटरवर आपण ८० किलोचा भार टांगला, म्हणजे दोन विजेवर चालणाऱ्या सायकली आणि त्यांचा रॅक. मागच्या ॲक्सलवर ८० किलोच वाढतील असे वाटते. प्रत्यक्षात वाढतात १२४, कारण तरफेसारखा तो भार पुढचा भाग उचलतो आणि पुढच्या ॲक्सलवरचे ४४ किलो मागे ढकलतो. बहुतेक मोटरहोममध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. तीच चाके हलकी झाली की ओल्या गवताच्या चढावर गाडी जागच्या जागी फिरू लागते आणि पावसात स्टिअरिंगला पकड राहत नाही. ही गोष्ट दंडाच्या भीतीने नव्हे, तर मुलगी मागे बसली आहे म्हणून सांभाळायची असते. जड सामान दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आणि शक्य तितके खाली ठेवा, आणि पाणी मुक्कामावर पोहोचल्यावर भरा.

प्रत्यक्ष वजन कळण्याचा भरवशाचा उपाय एकच, आणि तो म्हणजे काटा. ब्रिटनमध्ये सार्वजनिक वजनकाटे आहेत आणि थोडे पैसे भरून तिथे चिठ्ठी मिळते. गाडी सहलीला निघेल तशी, सर्व सामान आणि सर्व माणसांसह न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. तिन्ही आकडे चिठ्ठीवर उतरवून घ्यावेत आणि चिठ्ठी गाडीतच ठेवावी. रस्त्यावर तपासणीत वजन जास्त आढळले तर जादा भाराच्या प्रमाणात ठरावीक दंड होतो : दहा टक्क्यांपेक्षा कमी असल्यास १०० पौंड, दहा ते पंधरा टक्क्यांदरम्यान २००, त्यापुढे ३००, आणि फारच जास्त असेल तर प्रकरण न्यायालयात जाते. दंडापेक्षा त्रासदायक भाग असा, की जादा भार उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेऊ देत नाहीत. मग रस्त्याच्या कडेला सामान काढून ठेवायचे कुठे, हा प्रश्न आपलाच.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. हीच गाडी आवडली असेल तर तिची प्लेट खाली आणू नका. परवाना वर न्या. ‘सी१’ची परीक्षा देता येते आणि ती देण्यासाठी वयाची अट अठरा वर्षे एवढीच आहे. त्यासाठी ‘डी२’ आणि ‘डी४’ हे दोन्ही अर्ज भरून आधी ‘सी१’चा प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, हक्क मिळवावा लागतो. ‘डी४’साठी होणाऱ्या तपासणीचे पैसे स्वतः भरावे लागतात. डोळ्यांचे निकष कारपेक्षा कडक आहेत : चष्म्यासह एका डोळ्याची दृष्टी किमान ६/७.५ आणि दुसऱ्याची किमान ६/६० असावी लागते. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांना जादा अटी लागू होतात, म्हणून तसे असेल तर अर्ज भरण्याआधी डॉक्टरांशी बोला. पुढे लेखी प्रश्नांची आणि धोके ओळखण्याची अशी दोन भागांत सिद्धान्त परीक्षा, आणि मग प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा होते. तीत गाडी मागे घेण्याचा भाग आता वेगळा घेतात. व्यावसायिक ट्रकचालकांना लागणारे चालक प्रमाणपत्र आपल्याला लागत नाही, कारण आपण पोटासाठी गाडी चालवणार नाही. प्रशिक्षण केंद्राने त्याचाही खर्च पावतीत घातला तर तो काढायला सांगा.

एक व्यावहारिक अडचण आधीच सांगून ठेवतो. आपले मोटरहोम घेऊन आपण ही परीक्षा देऊ शकणार नाही. ‘सी१’च्या परीक्षेचे वाहन किमान ४००० किलो कमाल वजनाचे, किमान पाच मीटर लांबीचे आणि मागे बंद मालडबा असलेले असावे लागते. म्हणजे प्रशिक्षण केंद्राचा ट्रक भाड्याने घेणे आलेच. १९९७ नंतर परीक्षा देऊन मिळवलेला ‘सी१’ शेजाऱ्यांच्या ‘सी१’सारखा सत्तरीपर्यंत निश्चिंत राहत नाही, हेही लक्षात घ्या : त्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, पंचेचाळिशीपासून त्या प्रत्येक वेळी वैद्यकीय तपासणी लागते आणि पासष्टीनंतर दरवर्षी. एकाच वर्गासाठी जुन्या आणि नव्या पिढीला असे निराळे नियम असणे मला फारसे न्याय्य वाटत नाही, पण आहे ते असे आहे. उन्हाळ्याआधी हे सर्व उरकायचे तर वैद्यकीय अर्जाची सुरुवात आत्ताच करायला हवी, कारण वेळ परीक्षेच्या तयारीत जात नाही, टपालात आणि तारखा मिळण्यात जातो.

परीक्षेची तयारी नसेल, तर मुळातच ३५०० ची बांधणी असलेली आणि वजनाने खरोखर हलकी असलेली गाडी शोधा. व्हॅनचेच रूपांतर करून केलेली, सहा मीटरच्या आतली मोटरहोम सहसा हलकी असतात. त्यांत ऐसपैसपणा कमी मिळतो, पण चौघांना घेऊन मर्यादेत राहण्याची शक्यता बरीच जास्त असते. चालू स्थितीतले वजन २९०० च्या आसपास किंवा खाली असेल तरच चौघांसाठी ३५०० ची गाडी घ्यावी, असा माझा अंदाज आहे. आणि झोपायच्या जागा मोजताना प्रवासात बसायच्या, पट्टा असलेल्या जागाही मोजा. चार बिछाने आहेत म्हणजे चार पट्टे आहेतच असे नसते.

विजेच्या मोटरहोमविषयी आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी आपल्याला ‘आता साध्या परवान्यावर ४२५० किलो चालते’ असे सांगेलच, म्हणून लिहितो. १० जून २०२५ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ‘बी’ परवान्यावर ४२५० किलोपर्यंतची वाहने चालवता येतात हे खरे आहे, मात्र ती शून्य उत्सर्जनाची, म्हणजे बॅटरीवर किंवा हायड्रोजनवर चालणारीच असली पाहिजेत. बॅटरीचे वजन भरून निघावे म्हणून ही सवलत आहे. आपले मोटरहोम डिझेलचे आहे. त्याला तिचा काहीही उपयोग नाही.

आता वडिलांचा परवाना. भारतातल्या त्यांच्या परवान्यावर हलके मोटार वाहन असा वर्ग असेल, आणि भारतीय कायद्यात त्या वर्गाची मर्यादा ७५०० किलो आहे. एवढेच नव्हे, तर त्या परवान्यावर ७५०० किलोंच्या आतली वाहतुकीची वाहनेही चालवता येतात, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. त्यामुळे वडील म्हणतील, ‘साडेसात टन चालवायची मला मुभा आहे, साडेतीन टनांचे काय घेऊन बसलात?’ भारतात त्यांचे म्हणणे बरोबर ठरेल. इथे ते चालणार नाही. ब्रिटनला भेट देणाऱ्या व्यक्तीला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर, देशात शेवटचा प्रवेश केल्यापासून बारा महिने इथली छोटी वाहने चालवता येतात, आणि छोटे वाहन म्हणजे ३५०० किलोपर्यंतचे व आठ प्रवासी आसनांपर्यंतचे. इथे नोंदणी झालेले ३८५० चे मोटरहोम त्यात बसत नाही, मग भारतातल्या परवान्यावर काहीही लिहिलेले असो. आपण ३५०० ची गाडी घेतलीत तर मात्र ते ती चालवू शकतील.

त्यासाठी दोन गोष्टी पाहा. पहिली, परवान्याची मुदत. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांवरील व्यक्तीचा परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत मुदत उलटून गेल्याचे विमानात बसण्याच्या आदल्या दिवशी लक्षात येते. वडिलांचे कार्ड आजच काढून तारीख बघायला सांगा. नूतनीकरण करायचेच असेल तर ते निघण्याआधी नाशिकलाच उरकून घ्यावे. दुसरी, विमा. परवाना चालतो म्हणजे विमा मिळतो असे नाही. पॉलिसीत त्यांचे नाव अतिरिक्त चालक म्हणून घालावे लागेल, आणि परदेशी परवाना व सदुसष्ट वर्षे वय या दोन्ही गोष्टी विमा कंपनीला स्पष्टपणे सांगाव्या लागतील. काही कंपन्या नकार देतील, काही जादा पैसे घेतील. गाडी विकत घेण्याआधीच हे विचारून ठेवलेले बरे. पुढे कधी वडील इथेच कायम राहायला आले, तर भारतीय परवान्यावर त्यांना रहिवासी झाल्यापासून बाराच महिने चालवता येईल. भारतीय परवाना इथे थेट बदलून मिळत नाही, त्यामुळे त्यानंतर इथला प्रोव्हिजनल घेऊन परीक्षा द्यावी लागेल.

रस्त्यावर निघाल्यावर आणखी एक आकडा आडवा येतो. वेगमर्यादा ठरवताना कायदा कमाल अधिकृत वजन पाहत नाही. तो पाहतो गाडीचे रिकामे वजन, आणि त्यात इंधन धरत नाहीत. रिकामे वजन ३०५० किलोपर्यंत असलेल्या मोटरहोमला दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ६० मैल आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर ७० मैल ही कारचीच मर्यादा लागते. त्याहून जड असेल तर त्याच रस्त्यांवर अनुक्रमे ५० आणि ६०. मोटरवेवर दोघांनाही ७०. आपण पाहिलेल्या गाडीचे चालू स्थितीतले वजन ३१५० असल्याने चालक आणि इंधन वजा जाता ती या रेषेच्या अगदी जवळ येते, तेव्हा हा आकडा अंदाजाने ठरवू नका. आणि पुढे कधी ही गाडी घेऊन युरोपात जाल, तर ३५०० च्या वरच्या गाड्यांसाठी तिथे निराळे नियम आहेत. ऑस्ट्रियात त्यांना मोटरवेसाठी साधे स्टिकर चालत नाही, टोल मोजणारी पेटी काचेवर लावावी लागते, आणि स्वित्झर्लंडमध्ये वेगळा जड वाहन कर भरावा लागतो.

आता विकणाऱ्याकडे पुन्हा जाल तेव्हा प्लेटचे आणि व्ही५सीचे स्पष्ट छायाचित्र घ्या आणि दोन्हींवरचे वजन जुळते का ते पाहा. आधीच्या एखाद्या मालकाने प्लेट खाली-वर केलेली असली आणि कागदात नोंद नसली तर ते इथेच उघडकीस येते. मग त्याला गाडी काट्यावर न्यायला सांगा : टाकीत पूर्ण इंधन, पाण्याची टाकी रिकामी, आत फक्त चालक. तो तयार झाला तर जी चिठ्ठी मिळेल तीवरून वर मांडलेला हिशेब खऱ्या आकड्यांनी पुन्हा मांडा. तो टाळाटाळ करू लागला तर विसार देऊ नका.